दोन बोटं आखूड

तळघरात स्टोव्ह धुमसतोय, वालद्रेसचा बर्फ
खिडकीच्या कमरेपर्यंत.
व्हाइसच्या जबड्यात, कातड्याच्या घडीत
आजोबांची रायफल. एका वेळी एकच गोळी,
मग थांबायचं.

तीन आठवडे गंज सोडवतोय.
तेल, तांब्याचं जुनं नाणं, पुन्हा तेल.
घासकागद नाही; घाई केली की
नळीवरची अक्षरंही गंजाबरोबर जातात.

दस्ता मात्र कुणीतरी कापलेला, दोन बोटं,
वेड्यावाकड्या करवतीनं.
म्हटलं जोडू. ऑडवारकडून
अक्रोडाचा तुकडा आणला, रेषा जुळवून.

आज मागची पोलादी पट्टी काढली.
शेवटचा स्क्रू हटेना,
निघाला तो किंचाळतच.
आत, कोऱ्या लाकडावर, पेन्सिलीनं:
गुनव्होर, वय अकरा.

आत्या!
आम्हाला ती ठाऊक लोकर पिंजताना,
आणि तिच्या सांबराच्या रश्श्याला
नावाजताना सगळे.
सांबर मारलं कुणी,
हे त्या टेबलावर कुणीच विचारलं नाही.

अक्रोडाचा तुकडा फळीवर ठेवून दिला.
कापल्या कडेला अंगठ्यानं
जवसाचं तेल पाजतोय;
लाकूड पितंय, अजून पितंय.

खांद्याला लावून पाहिली.
आखूड पडते मला.
पडू दे.