दंव वाळायच्या आधी

बर्फ नाही तर काय झालं, ढोमणे सर म्हणाले,
आपल्याकडे दंव आहे.
आम्ही हसलो. पोट्टे हसतातच.
सरांनी कुठल्याशा जुन्या मासिकात चित्र पाहिलं होतं :
कानटोप्यांतली स्काउट मुलं, दोरानं ओढलेली बिनचाकी गाडी,
आणि पानाच्या कडेपर्यंत नुसतं पांढरं.

बिनचाकी हाय तं चालते कशी, लोचननं विचारलं.
चालत नाही, सर म्हणाले. घसरते.

ज्यानं त्यानं आपली गाडी घडवायची होती.
गरुड गटाला कॉटन मार्केटातून संत्र्याच्या पेट्या मिळाल्या,
वास अजून शाबूत.
गाईडच्या मुलींनी खाटेचे पाय कापून आणले.
कोणाच्या खाटेचे, ते समता गजभियेनं
शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आमच्याकडे काहीच नव्हतं.
तेव्हा बाबांनी माळ्यावरून काढले
मागाचे दोन दांडे.
माग जाऊन दोन वर्षं झाली होती, भंगाराच्या भावात.
हे दांडे कशाला ठेवले, विचारून विचारून आई थकली होती.
दांडे माझ्या हातात देऊन ते रात्रपाळीला निघून गेले,
डब्यासोबत शिट्टी आणि बॅटरी घेऊन.
मी बोट फिरवलं.
तीस वर्षांचं सूत गेलं होतं त्यावरून,
शिरायला एक कुसळ शिल्लक नव्हतं.
जवसाचं तेल चोळलं. मेणबत्ती घासली.
रेहाननं खुंटागाठी मारल्या, दातांनी ओढून.

हिंगण्याच्या पुढे, तलावाकाठचा उतार.
ताडपत्रीचे तंबू, करपलेली खिचडी,
शेकोटीत पिळलेल्या संत्र्याच्या सालीची
एवढीशी निळी फुरफुर, पुन्हा पुन्हा, साली संपेपर्यंत.
मग थंडी आली.
जमिनीतून आली, सतरंजीतून, मोज्यांच्या भोकांतून.
तीन वाजता सगळे जागे होते
आणि सगळे झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

स्पर्धा सहाला.
साडेपाचला कोणीतरी सायकलवरून निरोप आणला :
साहेब नऊला येतील.
सर उताराकडे बघत राहिले.
गवताच्या पात्यापात्यावर ते बसलेलं होतं, राखाडी, भरगच्च,
एका उन्हाचं धनी.

सर, नऊला तं गवत वाळून जाईन न, समता म्हणाली.
सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, खिशात घातली.
मी चहाचं पाहतो, म्हणाले,
आणि आमच्याकडे पाठ करून
बराच वेळ चुलीत फुंकत बसले,
जी पेटलेलीच होती.

लोचन सगळ्यात हलका, तो वर बसला.
आम्ही चौघं दोराला.
पहिली दहा पावलं ओढलं,
पुढची दहा ओढावं लागलं नाही,
आणि अर्ध्या उतारावर गाडीनं आम्हालाच गाठलं :
दोर ढिला, लोचन किंचाळतोय, सरका बे, सरका,
आणि आम्ही तिच्यापुढे जीव घेऊन पळतोय,
गुडघ्यापर्यंत ओले, तोंडातून वाफ,
बाजूनं खाटेचे पाय आमच्या पुढे जाताहेत
आणि समता मागे वळून दात दाखवतेय.

मागाला आवाज होता. आमच्या गल्लीत दिवसभर होता.
याला काहीच आवाज नव्हता.

खाली पोचून वर पाहिलं,
तर राखाडी उतारावर गडद पट्टे,
नऊवारीच्या काठासारखे, जोडीजोडीनं.
कोणी मोजलं नाही, कोणी लिहून घेतलं नाही.
ऊन आलं आणि काठ उसवत गेले.

नऊला, म्हणजे साडेदहाला, साहेब आले.
हार, भाषण, तयार रहा.
कोरड्या गवतावर गाड्या ढिम्म.
शेवटी गरुडवाल्यांनी पेट्या डोक्यावर उचलून पळत नेल्या
आणि ढाल जिंकली.
आम्ही टाळ्या वाजवल्या. खऱ्याच वाजवल्या.

घरी आलो तेव्हा बाबा पाळीवरून येऊन
अंथरुणावर बसले होते, कानाला मफलर.
दांडे उलटे करून पाहिले त्यांनी.
खालची बाजू हिरवी झाली होती.
अंगठ्यानं घासली. रंग निघाला नाही.
चालले का चांगले?
चालले नाही, मी म्हणालो,
आणि पुढचं सांगायला लागलो,
तर ते आडवे झाले होते, डोळे मिटून,
एक दांडा अजून मांडीशी.