नऊ नंबर

तळोद्याहून टेम्पो भरताना
मी पाय मोजत नाही, खप मोजतो.
पाच, सहा, सात.
चांदसैलीचा घाट एवढेच नंबर चढतात.

धडगावच्या बाजारात मोगरीबाई पावरा
सगळा ढीग चाळते आणि विचारते,
नऊचा आणला का, भाऊ?
मी म्हणतो, पुढच्या बाजाराला.
हे मी होळीच्या आधीपासून म्हणतोय.

होलसेलवाला पेटी फोडत नाही.
एका नंबरचे चोवीस जोड घे, म्हणतो.
डोंगरात नऊ नंबरच्या चोवीस बाया असतीलही,
पण चोवीस जणींकडे एकाच आठवड्यात
दीडशे रुपये कुठून असणार?

जळगावला मेहुण्याचं काचेचं दुकान.
तिथे एका बिल्डरच्या पोराला तेरा लागतो.
एकच जोड आला, थेट व्हिएतनामहून,
पातळ कागदात गुंडाळलेला.
खिसा एकच, पण अख्ख्या बाजाराएवढा.

मोगरीबाईने शेवटी सातचा घेतला.
विळ्याने मागचा पट्टा तिथेच कापला.
टाच बाहेर, चांगली दोन बोटं.
घासाघीस केली नाही. कापलेलं रबर
पोरीच्या हातात दिलं खेळायला.

रात्री वहीत लिहिलं : सात नंबर, एक जोड.
मागणीचा वेगळा रकाना नाही माझ्याकडे.
जे विकलं, तेच मागितलं होतं
असं धरून चालतो.

पोरगी अनवाणी उभी होती.
सवयीने तिच्या पायांकडे नजर गेली.
आईवर गेलीय.