उधारीतला कॉम्प्युटर

चौबळ नावाचा मुलगा जाताना कॉम्प्युटर ठेवून गेला,
साडेतीन महिन्यांच्या डब्यांच्या बदल्यात.
मासी, विकलात तरी हजारेक येतील, म्हणाला
आणि गादीची वळकटी मांडीवर घेऊन रिक्षात बसला.

विकला नाही.
प्रतापगंजातल्या माझ्या खानावळीत
दोन वर्षं गव्हाच्या पिंपाशेजारी उभा होता,
डोक्यावर पापडांचा डबा घेऊन.

मग फतेहगंजला, तळघरातल्या दुकानात नेला.
किरीटभाईंनी झाकण काढून फुंकर मारली.
उडाली ती धूळ नव्हती, कणीक होती.
एक जीबी मेमरी, म्हणाले, नवी आता मिळत नाही.
पंखा बोटानं फिरवून पाहिला.
चालशे.

डब्यांचा हिशेब कॉम्प्युटरनं करावा, हे नियतीचं वेड.
थर्ड इयरला आहे, कांदा-लसूण खात नाही,
रात्रीच्या भांड्यांनंतर मला प्रोग्राम शिकवते.
डबा बंद असेल तर शून्य,
पाहुणा असेल तर दोन,
नाहीतर एक.
जर-तर मला नवं नाही,
बत्तीस वर्षं त्याच अंदाजानं तांदूळ धुतेय.

पण लिहायचं कशात?
एडिटरमध्ये, म्हणाली.
म्हणजे संपादक? मी विचारलं.
नाही मासी, हा काही सुधारत नाही,
नुसतं ऐकून घेतो.

पहिला, हल्ली सगळे वापरतात तो.
तो उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
आणि उघडल्यावर मी एक अक्षर दाबलं
ते वरण फोडणीला टाकून आल्यावर उमटलं.
दुसरा एकदम काळा, चटपटीत,
पण त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना.
दोघींनी सगळी बटणं दाबून पाहिली.
शेवटी मी भिंतीवरचा स्विचच बंद केला.
तिसऱ्यात इंग्रजी छान दिसायचं.
मराठीत 'शिल्लक' लिहिलं तर
वेलांटी एकीकडे, श दुसरीकडे,
ल्ल तर पायऱ्यांवरून पडल्यासारखा.
हिशेबात शिल्लकच मोडकी, नको म्हटलं.

चौथा केवढासा.
बटणावरून बोट उचलायच्या आत हजर.
डावीकडे ओळींचे आकडे,
कंस उघडला की त्याचा जोडीदार दाखवतो,
वेलांटी जिथल्या तिथे.
पंखाही ओरडला नाही.
याला अजून काय काय येतं, नियती शोधायला लागली.
मी म्हटलं, राहू दे गं,
न येणारंच जास्त असू दे.

जुनी फाइल उघडायला गेले
तर तो थेट चौबळच्या कपाटात शिरला.
तिथे एक फाइल, नाव 'मासी'.
साधी अक्षरं, रंग नाही, रकाने नाहीत.

१२ जुलै दुपार. १२ जुलै रात्र, पोळ्या गार.
१३ जुलै दुपार, वालाची उसळ, दोनदा घेतली.
असं पानंच्या पानं.
खाली बेरीज, एकशे त्र्याण्णव.

माझी वही काढली. एकशे नव्वद.
पुन्हा मोजलं. नियतीनंही मोजलं.
मग ऑगस्टात सापडले तीन दिवस:
ताप. मासींनी पेज पाठवली.
पैसे धरणार नाहीत, तरी लिहून ठेवतो.

पेजेचा भाव मी कधी काढलेला नाही.
प्रोग्राममध्ये तिच्यासाठी 'जर'ही नाही.
नियती थांबली होती, बोट बटणावर.
मासी, बंद करू?

नको, म्हटलं, असू दे उघडी,
एवढ्यानं काही जड होत नाही त्याला.
आणि उद्याच्या बटाट्यांना लागले.