नऊ बाइट

तार्तू. डिसेंबर. साडेतीनलाच दिवस मिटला.
मारिकाने ओले हातमोजे रेडिएटरवर टाकले
आणि तपासायला बसली.
मूळ डिस्क कपाटात, मोहोरबंद.
काल सहा तास तिची प्रत उतरत होती,
मग दोघींचे ठसे अक्षराला अक्षर ताडून पाहिले,
तेव्हा कुठे सही केली.

काळा पडदा. उंदीर नाही, खिडक्या नाहीत,
नुसती ओळ टाकायची आणि थांबायचं.
आधी विभाग: कुठल्या सेक्टरपासून घर सुरू होतं.
मग फाइलींची यादी, पुसलेल्यांसकट.
पुसलेल्या नावाआधी एक चांदणी येते.

लोकांना वाटतं, पुसलं की गेलं.
अहो, सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं
म्हणून जमीन काय उठून चालू लागते?
पडून असते बापडी,
दुसरं कोणी नांगर घालेपर्यंत.

कोर्टाचा कागद साधा:
पॅर्नूचा बोटींचा कारखाना, हिशोबाचे तक्ते.
मालक उर्मास लेपासार, वय बासष्ट, तूर्त कोठडीत.
तक्ते तेवढे काढायचे. बाकी कशाला हात नाही.

ती क्रमांक टाकते, तक्ता वर येतो.
क्रमांक, तक्ता.
डिझेल. पाइनच्या फळ्या. रंग.
तोच रंग, त्याच बोटीला, दुसऱ्यांदा.
सापडलं म्हणायचं.

आणि दोन तक्त्यांच्या मध्ये
आठ चांदण्या, ओळीने.
पोयाले-१, पोयाले-२…
पोयाले म्हणजे मुलाला.

रात्र एकच, मार्चमधली.
पहिली फाइल एक वाजून दहाला, चार हजार बाइट.
दुसरी अकराशे.
तिसरी परत वाढलेली, दोन हजारांवर,
(इथे त्याला राग आला असणार)
मग सहाशे, दोनशे, नव्वद, एकतीस.
आठवी पहाटे पाचला. नऊ.
पाच वाजून चार मिनिटांनी आठही पुसल्या.

क्रमांक समोर आहे. एक ओळ, एक एंटर.
मारिका हात कीबोर्डवरून उचलते
आणि मांडीवर बोटं मोडत मोजते.
'आना आन्देक्स', माफ कर:
अकरा. दोन जास्त.
'तुले कोयु', घरी ये:
मधली मोकळी जागा धरून नऊ, बरोब्बर.
किंवा शिवीही असेल नऊ अक्षरांची.
बापांचं काय सांगावं.

अहवालात ती लिहिते:
पुसलेल्या आठ फाइली, आदेशाबाहेरच्या, उघडल्या नाहीत.

"काही मिळालं?" शेजारच्या टेबलावरून काउपो.
"सदतीस तक्ते."
"बरं झालं."

हातमोजे एव्हाना वाळून पापड झालेले.
बसथांब्यावर त्यांच्या आत
बोटं पुन्हा मोजायला लागली,
तिने न सांगता.