उजव्या मनगटावरचं घड्याळ

सात वर्षं मी घड्याळ उजव्या हातात बांधलं.
कुणी विचारलंच तर सांगायचो, डावखुरा आहे;
मग ते खरं दिसावं म्हणून
चहाचा पेलाही डाव्या हातानं उचलायला शिकलो.
खोट्याला एकटं करमत नाही,
त्याला शेजार लागतो.

पट्ट्याखाली क्रूस होता, हरभऱ्याएवढा,
निळसर हिरवा, जरा तिरका.
मिन्याच्या डोंगरावर, मठाच्या जत्रेत
आईनं मला मांडीत आवळून धरलं होतं,
गोंदणाऱ्याची सुई बॅटरीवर
भुंग्यासारखी गुरगुरत होती.
मी चार वर्षांचा. हात ओढला,
म्हणून एक फाटा लांब गेला.
"असू दे," आई म्हणाली, "हरवलास तर ओळखू येशील."
तिच्या हातावर तोच. तिच्या आईच्याही.
मला कुणी विचारलं नव्हतं.
हे मी तिला पुढे बरेचदा ऐकवलं.

अलेक्झांड्रियात पावाच्या भट्टीवर लागलो
तेव्हा हाज्ज शाबाननं नाव विचारलं.
बाखूम, म्हणालो.
पंखा मोठ्यानं वाजत होता.
"बकर?"
आणि मी मान हलवली.
एवढंच. कुणी धमकावलं नाही,
कुणी गळ्याला सुरी लावली नाही.
एका पंख्याच्या आवाजात मी दुसराच झालो
आणि मला हलकं वाटलं,
आता हेही कशाला लपवू?

बकर चांगला होता. विनोद सांगायचा.
शुक्रवारी दुपारी सगळे गेले की
पोती मोजायच्या निमित्तानं मागे राहायचा.
रविवारी त्याचं पोट दुखायचं.
मोठ्या उपवासाचे पंचावन्न दिवस
तेलातल्या घेवड्यावर काढायचा,
"अंडं सोसत नाही मला" म्हणत.
रात्री दिवा मालवून प्रार्थनेला बसला
की मला कळायचं नाही, कोण बसलंय.
'हे प्रभू' इथपर्यंत यायचं.
पुढे 'मी' म्हणायचं असायचं,
तिथं अडायचं.

घड्याळ दुसऱ्याच वर्षी बंद पडलेलं.
बांधत राहिलो.
कुणी वेळ विचारली तर दारातल्या उन्हाकडे बघून
अंदाजानं ठोकून द्यायचो.

मग एका थंड पहाटे फळी सटकली,
हात भट्टीच्या काठाला चिकटला.
पट्टा वितळून कातडीत गेला.
हाज्जनंच माझा हात नळाखाली धरला,
कणकेची सुरी घेऊन पट्टा सोडवला,
हळू, उकडलेल्या अंड्याचं साल काढावं तसा.
मी मूठ वळली.
"उघड रे. पहिल्याच वर्षी कळलं होतं.
पंचावन्न दिवस नुसता घेवडा कोण खातं?"
मग थांबून, रागानं:
"सात वर्षं भलत्याच नावानं जेवायला हाक मारायला लावलीस मला."

सगळे तसे नव्हते. फराजनं त्या दिवसापासून
माझ्या हातचा चहा सोडला.
ते असो.

पट्टी बांधलेला हात उशाशी घेऊन
त्या रात्री मला तो आठवला,
बंद खोलीत, भेदरलेल्या मित्रांपुढे येऊन
आधी हातच दाखवणारा.
मरणातून आला होता,
भोकं बुजवून येता आलं असतं.
त्याला माझ्या धाडसाची गरज नव्हती.
पाण्यात बुडवून माझं नाव घेतलं तेव्हा
मी तर दूधही ओकत होतो.
नाव तेव्हापासून तिथंच होतं,
दाराशी काढून ठेवलेल्या चपलेसारखं,
माझ्याच पायाचा ठसा घेऊन.
"मी बाखूम," म्हणालो अंधारात.
पुढे काय मागितलं, आठवत नाही.
झोप लागली.

भाजलेलं भरून आलं.
क्रूसाचा लांब फाटा डागात गेला,
बाकीचे शिल्लक आहेत.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणते,
"मग आता सरळ दिसत असेल."

बाही कोपरापर्यंत सारून कणीक मळतो.
अजूनही एखादं गिऱ्हाईक मनगटाकडे बघतं
आणि माझा अंगठा आपोआप तिकडे सरकतो.
वेळ विचारली तर सांगतो,
माझ्याकडे घड्याळ नाही.