शेवटची अठरा पानं

विदिनमध्ये माझं बूटदुरुस्तीचं दुकान.
मागच्या खोलीत, जिथून सरसाचा वास कधी जात नाही,
गुरुवारी संध्याकाळी पांचो ड्रेनोववरून भांडण होतं.
माणूस जाऊन एकोणतीस वर्षं झाली.
असता तर आमच्यावर लिहिलं असतं,
आणि आम्ही वाचून म्हटलं असतं :
काय खिल्ली उडवलीय हो, पलीकडच्या गल्लीची!

बोझिदार, निवृत्त जकात अधिकारी, 'कोबीचं मंत्रालय'वाला.
पान एकशेबारा तोंडपाठ. म्हणताना स्वतःच इतका हसतो
की वाक्याचं टोक अजून कुणाला ऐकू आलेलं नाही.
नेव्येनाबाई म्हणतात, हसवणं सोपं असतं.
'तिसरी सही' वाचा. तिथं तो हसवत नाही,
बुटात खडा होऊन बसतो नुसता.
त्या भूमिती शिकवायच्या. अजूनही
समोरच्याचं म्हणणं खोडताना हवेत रेघ ओढतात.
रादोस्टिनला एकही पुस्तक आवडत नाही.
एकही गुरुवार चुकवत नाही.

मागच्या खेपेला कालिना आली. वय सतरा,
टाच निखळलेली, पिशवीत 'पुतळ्याची बदली',
पुराच्या पाण्यानं पावासारखी फुगलेली प्रत.
"शेवटची अठरा पानं नाहीत यात.
पुतळा बोटीवर चढवतात, इथवरच आहे.
पुढं काय होतं?"

पुढं काय होतं!
बोझिदार म्हणाला, पुतळा बुडतो,
मग रिकाम्या चौथऱ्यावर महापौर स्वतः उभा राहतो,
कबुतरांना फरक कळत नाही.
बुडतो कुठला, नेव्येनाबाईंची रेघ आली,
पलीकडच्या काठाला लागतो, तिथं त्याला पेन्शन सुरू होते.
"पेन्शन पहिल्या प्रकरणात!"
"पहिल्यात नुसता अर्ज!"
बोट सुटतच नाही, रादोस्टिन पुटपुटला,
एक शिक्का कमी पडतो.
आणि त्याच्या आवाजात कौतुकासारखं काहीतरी सांडलं.
त्यानं घाईनं रुमालानं तोंड पुसलं.

लिंडनच्या फुलांचा चहा गार झाला.
गोष्ट हमरीतुमरीवर आली.
कालिना एका पायात बूट, एका पायात मोजा,
वहीत सगळं उतरवून घेत होती,
कोण काय म्हणालं, नावानिशी.

तिची टाच मी मुद्दाम सावकाश ठोकली.
माझ्या कपाटात, पॉलिशच्या डब्यांमागं
धडधाकट प्रत आहे, अठराच्या अठरा पानांसकट.
किल्ली खिशातच होती. हात गेलाही होता तिकडं.
पण खरं सांगायचं तर मला आठवतो तो शेवट
या तिघांच्यात नव्हताच :
बोटीवर पुतळा एकटा, पहाट व्हायची आहे,
कुणी बघत नाहीसं पाहून तो
चाळीस वर्षं उगारलेला हात
हळूच खाली घेतो.

हे कुठल्या पानावर असेल, देव जाणे.
असेल की नाही तेही.

बूट घालून कालिनानं दोनदा जमिनीवर आपटून बघितला.
"किती झाले?"
म्हटलं, गुरुवारी बघू.