काळी तीन

टॉडमॉर्डनच्या मेथडिस्ट हॉलमध्ये, दर गुरुवारी तीनला,
एडगर ऑर्मरॉड पियानोवरची प्लॅस्टिकची फुलं उचलून
खिडकीत ठेवतात आणि म्हणतात, चला, काहीतरी वाजवा.
काहीतरी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या वळणाचं,
पण आत्ता सुचलेलं.
डाव्या हाताला खालचा स्वर नेमून दिलेला,
वरचं माझं मी बघायचं.

मी कुरुंदवाडची. पेटीवर शिकले.
आमच्याकडे पट्ट्यांना नावं नव्हती, हजेरीचे नंबर होते:
पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन.
सा कुठे धरायचा ते गाणाऱ्यागणिक बदले,
पण काळी तीन ती काळी तीन.
तिला कधी कुणी विचारलं नाही
तू वरच्या घरची की खालच्या.

इथे विचारतात.

काळी चार, पांढरी एक, काळी दोन, काळी तीन.
चार बोटं एकदम दाबली आणि वहीत लिहिलं,
ए फ्लॅट सेव्हन.
ऑर्मरॉडनी खोडरबर काढला. त्यांचा हात हलतो हल्ली,
वाटलं कागद फाटणार.
‘हा कॉर्ड निघालाय जी स्वराकडे. मग ही जी फ्लॅट नव्हे, एफ शार्प.
चढणारी. सगळ्याला मिळून म्हणायचं जर्मन सिक्स्थ.’
यात जर्मन काय आहे?
‘काही नाही. नाव ठेवणारे नेहमी दुसऱ्या गावचे असतात.’
मला हसू फुटलं. आमच्यात नावं ठेवणं म्हणजे काय
ते त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला
आणि चहा गार झाला.

पण कालव्याच्या कडेनं घरी येताना
ती पट्टी डोक्यातून जाईना.
तेच बोट, तीच तार, तोच आवाज.
चढणार असेल तर एक नाव,
उतरणार असेल तर दुसरं.
म्हणजे वाजताना तिलाच ठाऊक नसतं ती कोण.
पुढचा स्वर वाजला, की मग मागचीचं बारसं.

लग्नात माझं नाव बदललं. बकुळ गेली.
ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीनं लिहिलं ‘वीभावरी’,
दीर्घ वी काढून.
भटजींनी तळहातानं तांदूळ सारखे केले.
‘ऱ्हस्व हो, ऱ्हस्व.’
कानाला काही फरक नव्हता. सगळे हसले,
मीही, मान खाली घालून.
पुढे इथे, औषधांच्या खिडकीमागे, तेवीस वर्षं
मी व्हिब्स होते. तेही चाललं.

या गुरुवारी ऑर्मरॉड मागे किटली भरत होते.
मी सी मायनरमध्ये आपली साधीसुधी फिरत होते,
कवायतीसारखी, आणि तो चौघांचा घोळका समोर आला.
काळी तीननं वर जायचं. ठरलेलं, शिकवलेलं, वहीत लिहिलेलं.
बोट खाली घसरलं.
चूक म्हणा हवं तर. मी नाही म्हणणार.
खोली एकदम दुसरीच झाली, पाच फ्लॅटची,
मऊ, जाजम अंथरल्यासारखी,
आणि त्यातली एकही वाट माझ्या ओळखीची नव्हती.

मागचा नळ बंद झाला.
‘तिकडे कुठे?’
माहीत नाही, म्हणाले, आणि वाजवत राहिले.
परतीचा रस्ता दोनदा चुकले,
तिसऱ्यांदा शोधलाच नाही.
चार वाजता वजन उतरवणाऱ्या बायका
काटा उचलून आत आल्या,
तेव्हा मी अजून तिथेच होते, परगावी.

आता याला काय म्हणायचं?
ऑर्मरॉड फुलं परत पियानोवर ठेवत होते.
‘आता मात्र ए फ्लॅट सेव्हन. म्हणजे तुमचं बरोबर होतं,
फक्त एक आठवडा आधी.’

रात्री कुकर लावताना आठवलं.
ते ताटातले तांदूळ पुढे कुणी शिजवले,
आणि कुणाच्या पानात पडली
ती दीर्घ वी?